पूजेच्या सुट्टीसाठी दातांचा बंदोबस्त

१७ ऑक्टोबर, मंगळवार, तृतीया. सकाळ.
पुढचा दात हलतोय. वरचा, डावीकडचा. कालपर्यंत जिभेने ढकलला तर हलायचा, आज नुसत्या चहाने हलला. घाबरायचं कारण नाही. नवमीला सहा दिवस आहेत आणि मी प्लॅनिंगचा माणूस आहे. जमिनीच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढली ती उगीच नाही.

नवमीच्या संध्याकाळी दुर्गादेवीपुढे धुनुची नाचायचीय. पेटतं मातीचं धुपाटणं हातात घेऊन कुणीही नाचेल. दातांत धरून नाचणारा आमच्या गल्लीत मी एकटा. एकवीस वर्षं! यंदा पूजा भरवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी लाल्टू म्हणतो, हाजरादा, आता खुर्चीत बसून बघा की, वय झालं. बघतोच त्याच्याकडे.

अडचण एकच. दातांचा डॉक्टर समाद्दार षष्ठीला कुटुंबासह पुरीला पळतो तो कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर उगवतो. आमच्या काटोया गावात दुसरा धड दातवाला नाही. म्हणजे आठ-नऊ दिवस दाताला वाली नाही. तेव्हा इमर्जन्सीची तयारी आजपासून.

संध्याकाळ.
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पेटी तयार. लवंगेचं तेल, कापूस, खडेमीठ, टॉर्च, चिमटा, होमिओपॅथीच्या सहा बाटल्या, दुखण्याच्या गोळ्या दोन स्ट्रिपा. झाकणावर चिकटवलं: 'दातांची पेटी. विचारल्याशिवाय हात लावू नये.' बायकोने, पूरबीने, वाचलं आणि हसली. हसू दे. घरात एक तरी माणूस जबाबदार हवा.

१८ ऑक्टोबर, चतुर्थी.
समाद्दारच्या कंपाउंडरला फोन. पूजेआधीचा एकच नंबर शिल्लक, उद्या अकरा वाजताचा. लगेच घेतला.

पूरबीची उजवी दाढ महिनाभर ठणकतेय म्हणे. म्हणाली, अहो, उद्या मी जाऊ का? मी शांतपणे समजावलं. दाढ आत असते, कुणाला दिसत नाही. शिवाय तुझ्या दाढेला काही मुहूर्त नाही, माझ्या दाताला नवमी आहे. ती बरं म्हणाली. समजूतदार बाई.

१९ ऑक्टोबर, पंचमी.
दात शेजारच्या दोन दातांना बारीक तारेने बांधून घेतला. समाद्दार म्हणाला, केळ्याहून कडक काही खाऊ नका. या दाताने करायचंय काय तुम्हाला? मी म्हटलं, देवाचं काम. धुपाटण्याचा विषय काढला नाही. उगाच भाषण ऐकावं लागतं.
जाताना विचारत होता, वहिनींचं कसं आहे? मी म्हटलं, उत्तम.

२० ऑक्टोबर, शुक्रवार, षष्ठी.
दवाखान्याला कुलूप. मुद्दाम जाऊन बघून आलो. आता सगळी मदार पेटीवर.
पेटीतल्या दोन गोळ्या गायब! पूरबीने न विचारता घेतल्या. तिचा उजवा गाल जरा सुजलाय. मी रागावलो नाही, पण शिस्त म्हणून सांगितलं: एक स्ट्रिप नवमीसाठी राखीव आहे. तिला होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या आणि गरम शेक द्यायला लावला. सूज बाहेर दिसतेय म्हणजे रोग बाहेर निघतोय.
न्हाणीघरात रिकामं धुपाटणं दातांत धरून सराव. चार मिनिटं. तार पक्की.

२१ ऑक्टोबर, सप्तमी.
शेकाने सूज चांगलीच बाहेर आलीय. पूरबी नवी साडी नेसली नाही. जेवलीही नाही. म्हणते, तोंडात बोटसुद्धा शिरत नाही. म्हटलं, सणाचा उपास घडेल.

संध्याकाळी आरतीला शंख दर वर्षी पूरबी फुंकते. आज नुसती उभी राहिली. शेवटी शेजारच्या सुनेने फुंकला, फुस्स आवाज आला. चारचौघांत माझी मान खाली. लोकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, रुसलीय. नंबर मी घेतला ना, त्याचा राग.

लाल्टू नाक खुपसायला हजर. म्हणे, हाजरादा, वहिनींना उद्याच्या उद्या बर्धमानला न्या. दोन तासांची गाडी, मोठं हॉस्पिटल चोवीस तास उघडं असतं. मी म्हटलं, सगळी व्यवस्था घरात आहे. मला काय कळत नाही? मी बर्धमानला अडकलो की नवमीला मैदान मोकळं! डाव ओळखला.

२२ ऑक्टोबर, अष्टमी.
आज संधिपूजा. एकशेआठ दिवे. बायका जीभ हलवून उलूध्वनी करत होत्या, अंगावर काटा आला. पूरबी तोंडाला पदर लावून गप्प. किती ताणावं माणसाने!
घरी आल्यावर ताप बघितला, एकशे दोन. तोंडात घास धरल्यासारखं बोलते. म्हणाली, अहो, गिळता येत नाहीये. मी राखीव स्ट्रिपेतल्या दोन गोळ्या काढून दिल्या. (नोंद: तत्त्व मोडलं, तिच्यासाठी.) त्याही तिला गिळता आल्या नाहीत, पाण्यात विरघळवल्या तर पाणी बाहेर आलं.

ठरवलं. दशमीला पहिल्या गाडीने बर्धमान. प्लॅनमध्ये लाल शाईने लिहिलं. तिला दाखवलं. तिने वाचलं आणि डोळे मिटले. निश्चिंत झाली असावी.

२३ ऑक्टोबर, नवमी. दुपार.
सूज हनुवटीखाली उतरली. गालाची तेवढी कमी वाटते. लाळ गळतेय म्हणून टॉवेल दिलाय. आडवं होता येत नाही, बसूनच आहे. मी म्हटलं, नाही आलीस तरी चालेल, पण एकवीस वर्षांत एकदाही चुकलेली नाहीस. उठली आणि साडी नेसायला लागली.
दात ठणठणीत. आज दाखवतो एकेकाला.

२४ ऑक्टोबर, दशमी. बर्धमान, हॉस्पिटल. दुपार.
काल संध्याकाळी मंडपात ढाक वाजत होते. धुपाटणं दातांत होतं, धुराने डोळे भरले होते. लाल्टूने दंड धरून ओरडून सांगितलं, हाजरादा, थांबा, वहिनी पडल्या! मला वाटलं, याचा डाव. एक फेरा उरला होता. तो पुरा केला.
मग बघितलं. खुर्चीपाशी बायकांचा घोळका. पूरबीचे ओठ निळे पडलेले, श्वासाची घरघर ढाकांच्या आवाजातही ऐकू येत होती.
लाल्टूने स्वतःच्या गाडीत घातलं. दात वाटेत केव्हा पडला कळलं नाही. तार तेवढी लोंबत होती, ती मी ओढून खिडकीबाहेर टाकली.

गळ्याला भोक पाडून नळी घातलीय. हनुवटीखाली चिरून पू काढला. डॉक्टर मुलगी आहे, तिशीची असेल. तिने विचारलं, किती दिवसांपासून? मी म्हटलं, कालपासून. ती म्हणाली, काका, दाढेतला पू एका दिवसात मानेत उतरत नाही. नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरतं.
ही वही खिशात होती. वाचून दाखवलं. सूज, शुक्रवार. तोंड उघडेना, शनिवार. ताप आणि गिळता येईना, रविवार. ती लिहून घेत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, हे सगळं तेव्हाच लिहिलंत? मी हो म्हटलं.
अजून दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाली.

संध्याकाळ. पाच.
पूरबी शुद्धीवर आली. बोलता येत नाही. नर्सने कागद आणि पेन्सिल दिली. मी कुठल्याही शिव्या खायला तयार होतो. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. मग लिहिलं: 'दादाला बोलवा. तो आला की तुम्ही घरी जा.'
फोन केला. तिचा भाऊ आसनसोलहून निघालाय.
मी परत केव्हा येऊ, असं तिला विचारलं. तिने पेन्सिल नर्सच्या हातात दिली.