तिसरा माठ

भोकरदन, १२ ऑक्टोबर १९७४

चि. बेबीनंदा हीस थोरल्या बहिणीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा फोटो पोचला. त्या कोटात तू सरकीच्या पोत्यासारखी दिसतेस. तुझे धर्मराजराव लोखंडाच्या कारखान्यात राबतात, ते समजू शकते. पण मॅट्रिक झालेली बाई विमानात बसून वुल्वरहॅम्प्टनला गेली ती कशाला, तर गोऱ्यांच्या हॉटेलातल्या चादरी धुवायला! आपल्या आईनं गावकीची कामं सोडली ती यासाठी? विचारणाऱ्यांना मी सांगते, बहीण ऑफिसात आहे. या वयात खोटं बोलायची वेळ तू माझ्यावर आणलीस.

आमची विशाखा कशी आहे? माझ्या वर्गात चार वर्षं तुझ्या लेकीनं पहिला नंबर सोडला नाही. तिथल्या मास्तरणी थक्क झाल्या असतील. प्रगतिपुस्तकाची नक्कल पाठव, इथं शाळेत दाखवीन.

लोभ आहेच, टिकेल असं वाग.
तुझी अक्का, प्रभावती

वुल्वरहॅम्प्टन, ५ नोव्हेंबर १९७४

ती. अक्का, सादर जयभीम. वि. वि.

चादरी मशीन धुतं, मी घड्या घालते. ऑफिसवाली बहीण हवी असेल तर दुसरी शोध. नाक मुरडणारे मला इथं कमी नाहीत. माझ्या फोडणीच्या वासानं शेजारीण धाडकन खिडकी लावते आणि स्वतः आठवड्यातून एकदा अंघोळ करते.

आता खरं लिहिते. विशाखाला अभ्यासात मागास पोरांच्या खोलीत बसवलंय. बाई म्हणतात, ती दिवसभर पाणी पीत नाही, सगळ्यांचं उरकल्याशिवाय जेवणाच्या टेबलाशी जात नाही, नळापासून चार हात लांब उभी राहते. बहिरी असेल म्हणून कानसुद्धा तपासले. २० डिसेंबरला मोठ्या बाई काय ते ठरवणार. मंदबुद्धी मुलांच्या शाळेत एकदा टाकलं की पोर तिथून परत येत नाही, असं इथले लोक सांगतात. विशाखाला विचारावं तर ती पाढे म्हणायला लागते. माझा जीव थाऱ्यावर नाही. काय करू ते लवकर लिही.

रागावलीस तरी माया राहू दे.
बेबीनंदा

भोकरदन, १८ नोव्हेंबर १९७४

चि. बेबीनंदास जयभीम. वि. वि.

एकोणिसाचा पाढा उलटा म्हणणारी पोरगी मंदबुद्धी? शौचाला पाणीसुद्धा न घेणारी माणसं आपल्या पोरीची अक्कल मोजणार!

त्या अडाण्यांना शिस्त कळत नाही, दुसरं काही नाही. विशाखा नळाला हात लावत नाही, कारण ते वळण मी लावलंय. आपल्या वस्तीच्या पोरांनी शाळेच्या माठाला शिवायचं नाही, लांब उभं राहायचं, शिपाई बद्रीनाथ वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. चार वर्षांत तिनं एकदाही तंटा होऊ दिला नाही, इतकी समजदार. तिला परत पाठव. मुंबईला उतरवून घ्यायला मी येते. माझ्या वर्गात पुन्हा पहिली येईल.

तुझ्यावर नाही, तिच्यावर लोभ जास्त आहे.
अक्का

वुल्वरहॅम्प्टन, २२ डिसेंबर १९७४

ती. अक्का, जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग विशाखाला जवळ घेऊन विचारलं, पाणी का पीत नाहीस. ती म्हणाली, आई, इथं वतून देनारं कुनीच न्हाई. अक्का, चार महिने माझी पोर त्या नळासमोर तहानेली उभी होती.

परवा मोठ्या बाईंकडे गेले. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. म्हणून नळापासून लांब उभी राहिले, ओंजळ धरली आणि वरून ओतणारा हात करून दाखवला. त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मावशीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येतं, पण सांगवलं नाही. शाळेनं, म्हटलं.

विशाखानं माझ्यादेखत नळ सोडला. फ्रॉक भिजेपर्यंत प्यायली. नंतर बाईंनी गणितं घातली, ती तिनं सगळी सोडवली. सुट्टीनंतर ती बरोबरीच्या मुलांच्या वर्गात बसेल. मी तिला पाठवणार नाही.

तुला माझ्या चादरींची लाज वाटते. मी हात लावला म्हणून त्या कुणी पुन्हा धूत नाही. तुझ्या शाळेच्या माठाची मात्र तुला लाज वाटत नाही. अकरा वर्षं मास्तरीण आहेस. तू स्वतः पाणी कुठलं पितेस, तेवढं कळव.

बाकी लोभाचं तू बघ.
बेबीनंदा

भोकरदन, ३० जानेवारी १९७५

चि. बेबीनंदास अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पाणी मी घरून फिरकीच्या तांब्यात नेते. अकरा वर्षं. मला तसं कुणी सांगितलंही नव्हतं, मीच समजदार! सगळ्या जगाला नावं ठेवत बसले आणि स्वतःला तेवढं विसरले.

सोमवारी मधल्या सुट्टीत माठात पेला बुडवला आणि सगळ्यांसमोर प्यायले. मग तो आपल्या पाच पोरींच्या हातात दिला. संध्याकाळी हेडमास्तर पुंजाराम गुरुजींनी माठ फोडायला लावला. म्हणाले, बाई, तुमाला तरी समजाया पाह्यजे व्हतं. मंगळवारी मी नवा नेला. तो बद्रीनाथनं फोडला, पण फोडताना माझ्याकडं बघेना.

आता विचारणाऱ्यांना सांगते, बहीण चादरींच्या घड्या घालते. विशाखाला माझा पापा दे. तिच्याकडे लोभ मागायला मला तोंड नाही, तू माझ्या वतीनं माग.

आज तिसरा माठ घेतला. कुंभार विचारत होता, बाई, घरी लगीन काढलं का? मी म्हटलं, न्हाई, पण अजून बरेच लागतील.

तुझी अक्का