बारा फुग्यांपैकी अकरा

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा नमस्कार, पायांवर डोकं ठेवून. तुझा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात उजवा होता, पण तुझ्या लेकीने कळवलं की आता डावाही धरला आहे. शेक घे, आणि जिना एकटीने उतरू नकोस.) इकडे माझी तब्येत ठीक नाही. तसं झालेलं काही नाही, पण ठीक नाही. छातीत धडधडतं, पाय गार पडतात आणि तीन दिवसांपासून वरच्या ओठाला वारा लागतो, त्याचं कारण पुढे येईल. पत्र लांबलं तर रागावू नकोस. मी चौथीतून उठलेला माणूस. प्रत्येक शब्द ओठ हलवून स्वतःशी बोलल्याशिवाय मला अजून लिहिता येत नाही, त्यामुळे एक पान लिहायचं म्हणजे दोन तांबे पाणी लागतं.

सगळं त्या पुस्तकापायी झालं. आपली भिंगरी, म्हणजे माझी नात (तुला ठाऊक आहे, पण तुझ्या आठवणीचा हल्ली भरवसा नाही म्हणून लिहिलं), बारा वर्षांची झाली. दोन्ही कानांमागे मशीन लावलं की तिला थोडं ऐकू येतं, बाकीचं ती समोरच्याच्या ओठांवरून वाचते, आणि सुनेशी हातांच्या खुणांनी बोलते. मी खुणा शिकलो नाही. माझी बोटं आखडलेली आहेत. मी मोठ्याने बोलतो. नऊ वर्षं मोठ्याने बोलतो आहे आणि तिला सोडून सगळ्या गल्लीला ऐकू जातं. मागच्या महिन्यात समोरच्या शिंपिणीने मला रस्त्यात थांबवून विचारलं, की नातीने शेवटी स्वेटर घातला का.

तर या पोरीने वर्षभर बसून स्वतःच्या लहानपणाचं चित्रांचं पुस्तक काढलं. कान बंद असलेलं पोर कसं वाढतं, ते सगळं चित्रांतून, अठ्ठेचाळीस पानं, नाव ठेवलं आहे ‘ऐकू आलं तेवढं’. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एक बाई आहेत, त्या ते छापणार. मला कोणी एक पान दाखवलं नाही. पूर्ण झालं की दाखवीन, असं भिंगरीने पाटीवर लिहून सांगितलं. मी कशाला विचारतोय! घरातला सर्वांत जुना माणूस, त्याला शेवटी सांगायचं, ही आपल्या घरची रीतच झाली आहे. (नवा पंखा आणला तोही मला वारा लागल्यावर कळला.)

शनिवारी मुलगा, सून आणि भिंगरी तिचं मशीन तपासून घ्यायला गेली. पानं टेबलावर वाळत ठेवलेली. सोमवारी बाई न्यायला येणार. आता तूच सांग, मी काय डोळे बांधून बसायचं? चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून पाहत गेलो. खोटं कशाला बोलू, पोरगी चित्रं काढते झकास. शाळेतल्या बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात आणि हिला नुसता अंबाडा दिसतो, ते एक पान. वर्गातल्या मुली हसल्या की ही पण हसते, कशाला हसल्या ते न कळता, ते एक पान. मशीनची बॅटरी भर कविता म्हणताना संपली, ते एक. हे पाहताना माझा चष्मा धुरकट झाला, तो पुसून पुढे गेलो, तर समोर मी!

अक्का, माझं नाक वांग्यासारखं काढलं आहे. बरं, ते जाऊ दे, नाक आपल्या घराण्याचं आहे, तुझंही तसंच आहे. पण मिशी! पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिशी. एका चित्रात मिशीवर कावळा बसला आहे. चित्रातली माणसं बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडाजवळ एक फुगा काढतात आणि त्यात त्यांचं बोलणं लिहितात. सुनेच्या फुग्यात पूर्ण वाक्यं. मुलाच्या फुग्यात पूर्ण वाक्यं. शाळेतल्या बाईंच्या फुग्यातसुद्धा अर्धे शब्द. आणि माझे फुगे? सगळे मोकळे! बारा फुगे मी मोजले. या एवढ्या मोठ्या फुग्यांत एक अक्षर नाही.

तुला माहीत आहे, मी एकतीस वर्षं पार्सल कचेरीत काढली. पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी कानाला धरून शिकवलं होतं की लेबलावरचा एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, मोकळा राहिला की पार्सल फिरून परत येणार. मला वाटलं, पोर घाईत विसरली. सोमवारी बाई येणार, मोकळं पाहून पुस्तक परत करणार, वर्षाची मेहनत पाण्यात. मी ट्रंकेतून कचेरीची दौत आणि बोरू काढला (ती शाई पक्की आहे, पार्सल पावसात भिजलं तरी पत्ता जात नाही) आणि बसलो भरायला. काय बोललो होतो ते मला बरोबर आठवत होतं, कारण मी रोज तेच बोलतो. जिना सांभाळून. चपला उलट्या घातल्यास. रस्ता ओलांडताना मान वळव, तुला हॉर्न ऐकू येत नाही. दूध पिऊन जा. ती सहा वर्षांची असताना मला कागदाचा बोका करून द्यायला आली होती त्या पानावर मी लिहिलं, ‘फार छान झालाय, पण कात्री जागेवर ठेव.’ अकरा फुगे भरले. अक्षर सुबक, ओळ सरळ. मग त्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कचेरीच्या सवयीप्रमाणे ‘तपासले’ असं लिहून तारीख घातली आणि सही केली.

भिंगरी घरी आली. तिने पानं पाहिली. तिने दोन्ही कानांमागची मशीनं काढली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली. आपल्या घरात याचा अर्थ दार आपटणं. सून माझ्याशी हातांनी बोलायला लागली, इतक्या भराभर, की मला खुणा येत नसूनही सगळं समजलं. मुलगा रॉकेल घेऊन शाई पुसायला गेला आणि माझ्या नाकाच्या जागी भोक पाडलं. मी म्हटलं, अरे, पक्की शाई आहे ती! तर म्हणतो कसा, बाबा, तुम्ही आता बोलू नका. आणि मी नऊ वर्षं काय करत होतो, ते कोणाला विचारू?

सोमवारी बाई आल्या. त्यांनी पानं वाचली, आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या, मग म्हणाल्या की असंच छापू. मी खुर्चीत जरा सावरून बसलो. भिंगरीने पाटी घेतली आणि लिहिलं, पुस्तक माझं आहे, मला जे ऐकू आलं तेवढंच त्यात जाणार. मी म्हटलं, पण मी हे सगळं बोललो होतो! सुनेने ते तिला खुणांनी सांगितलं. तिने माझ्याकडे वळून लिहिलं, ‘मग ते तुझ्या पुस्तकात लिही, आजोबा.’ बारा वर्षांची पोर! मग बाईंनी विचारलं, की बाकी सगळ्यांचं थोडं तरी आलं आहे, आजोबांचंच काही कसं नाही. भिंगरीने नुसतं बोट दाखवलं. माझ्या मिशीकडे. मिशीखाली ओठच दिसत नाहीत. ती ओठ वाचते, आणि मी नऊ वर्षं छपराखाली उभा राहून बोलतो आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, अक्का. मुलगा म्हणतो, दहा वेळा सांगितलं. मला आठवत नाही. मला वाटलं असेल की मिशी शोभत नाही म्हणून सांगतात.

त्याच संध्याकाळी न्हाव्याकडे गेलो. तो तीनदा म्हणाला, आजोबा, विचार करा. मी विचार केला असता तर उठून आलो असतो. आता आरशात कोणी भलताच म्हातारा दिसतो आणि शिंपीण मला ओळखत नाही. बरं, एवढं करून पोरीने काय म्हणावं? काही नाही. पाहिलं आणि चित्र काढत बसली. बाईंनी आठ दिवस वाढवून दिले आहेत, तेवढ्यात ती अकरा पानं पुन्हा काढते आहे. आत्ताही दुपारच्या उजेडाला माझ्यासमोर याच टेबलावर बसली आहे. मशीनं अजून काढलेलीच आहेत, त्यामुळे निदान मला मोठ्याने पुटपुटत लिहिता येतं, कोणाची अडचण नाही.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. औषध जेवणानंतर घे, आधी नको.

तुझा,
भाऊ

ता.क. लिहायचं मुद्द्याचं राहिलंच. मी अकरा फुगे भरले, बारावा सोडला. सोळावं पान. कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला बाक, भिंगरी तीन वर्षांची, मी खिडकीकडे तोंड करून उभा, भलामोठा मोकळा फुगा, आणि बाजूला तू, माझ्या खांद्यावर हात ठेवून. तिला तो दिवस आठवतो. काल तिने ते पान माझ्यापुढे ठेवून लिहिलं की बाकीचे न विचारता भरलेस, हाच का सोडलास, इथे काय म्हणालास ते सांग, तोवर हे पान मी देणार नाही. मी सांगितलं, शाई संपली होती. तिचा विश्वास बसला नाही. त्या वेळी तिथे फक्त तू होतीस आणि तू खोटं बोलत नाहीस हे ती मानते. तेव्हा एवढं कर. एका कार्डावर तिला लिही, की तुझे आजोबा त्या दिवशी म्हणाले, ‘घाबरू नका, मी आहे.’ असं मी म्हणू शकलो असतो. चार शब्दच आहेत.

ता.क. दुसरं. मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात आहे, मला माहीत आहे. मी म्हणालो होतो, ‘आता हिच्याशी बोलून उपयोग काय.’ आणि तू म्हणाली होतीस, तू कधी उपयोग बघून बोललास रे? हे तिला कळता कामा नये. कार्ड लवकर टाक.

ता.क. तिसरं. कार्ड टाकू नकोस. मी मान वर केली तर भिंगरी चित्र सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती. किती वेळ बघत होती देव जाणे. मिशी नाही आणि मी लिहिताना ओठ हलवतो, हे दोन्ही मला माहीत होतं, पण एकत्र सुचलं नाही. तिने सोळावं पान ओढलं आणि फुग्यात पेन्सिलीने माझं ते वाक्य लिहिलं, जसंच्या तसं. मग त्याच्या शेजारी दुसरा फुगा काढून त्यात तुझं. मी हात जोडले. तिने एक मशीन उचलून कानामागे लावलं (एकच), पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पहिल्यापासून वाचायला बसली. गुडघ्याच्या जागी हसली. बोक्याच्या जागी बराच वेळ थांबली. खाली जे वेगळ्या अक्षरात आहे ते माझं नाही.

तपासले. अक्काआजी, मिशी परत वाढवू नको म्हणून तू पण त्याला लिही.
– भिंगरी