दादांना विचारा

प्रिय ठकू,

फोनवर काही गोष्टी माझ्या तोंडून निघत नाहीत. तू कामात असतेस आणि मी "बरी आहे" म्हणून मोकळी होते. म्हणून लिहिते आहे.

आमच्या गोदामाच्या ऑफिसात तपासणी झाली. संगणकावर कोणाला काय करायची परवानगी आहे आणि ती त्याला खरंच लागते का, एवढंच बघायचं. मुख्य कचेरीतून एक मुलगी आली होती, तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच डोक्यावरचा चष्मा टेबलावर शोधणारी. तिचा नियम साधा: मालाची मागणी ज्याने टाकली, त्यानेच ती मंजूर करायची नाही. आमचे सुपरवायझर दोन्ही करत होते. मागणी स्वतःच्या नावाने, मंजुरी तुझ्या बाबांच्या. बाबा, म्हणजे ऑफिसातले सगळ्यांचे दादा, गेल्यावर त्यांचं खातं कोणी बंदच केलं नव्हतं आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ. ट्रक दारात उभा राहिला की कोणीतरी ओरडायचं, "दादांना विचारा रे," आणि माझ्या मागच्या टेबलावर टकटक सुरू व्हायची. पावती निघायची: मंजूर, आणि खाली त्यांचं नाव.

मला वाईट वाटत असेल म्हणून हमालमामा माझ्यासमोर आवाज खाली आणायचे. खरं सांगू, मला बरं वाटायचं. घरात आता त्यांना हाक मारणारं कोणी नाही. तिथे ते दिवसभर कामावर असायचे.

त्या मुलीने त्यांच्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे कुठे बसतात. सुपरवायझर खिडकीतून ट्रक बघू लागले. शेवटी मीच म्हटलं, "ते माझे मिस्टर. वारले." ती पांढरी पडली. पाणी हवं का, असं मलाच तिला विचारावं लागलं. मग हळूच म्हणाली, "काकू, बंद करण्याआधी विचारावंच लागतं. हे खातं बंद केलं तर कोणाचं काय अडेल?"

ट्रक अडतील, असं सुपरवायझर म्हणाले. आमच्या विभागातल्या माणसांची माहिती भरते मीच, तेव्हा 'सेवेत नाही' यावर खूणही मीच केली. दुपारभर ट्रक अडले, मग सुटले. सुपरवायझरांना आता मंजुरीसाठी वरच्या मजल्यावर जावं लागतं, गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत चढतात. दादांना कोणी विचारत नाही.

त्याच तपासणीत बाबांच्या फोनचा विषय निघाला. तो नंबर कंपनीचा, या महिन्यात परत करायचा आहे. हवा असेल तर माझ्या नावावर करून देतील, पण कारण लिहून द्यावं लागेल. मी तो फोन रोज चार्ज करते, ठकू. घरी त्यांच्या जागी, खिडकीत ठेवते. त्यावर तुझे मेसेज येतात. मी एकही उघडलेला नाही. पडदा उजळतो, तुझं नाव दिसतं आणि विझतं. माझ्या फोनवर तू "जेवलीस का" एवढंच विचारतेस. त्यांच्याशी बरंच बोलत असशील.

नंबर बंद केला तर तुझं काय अडेल? तेवढं मला कळव, म्हणजे कारण काय लिहायचं ते ठरवते. आणि त्यांना सांगतेस त्यातलं थोडं, जमेल तेव्हा, मलाही सांगत जा.

तुझीच, इथेच असलेली,
आई