ते घरचं हाय

बाबा, जठारपेठेतले लोक अजून तुम्हाला देवमाणूस म्हणतात. औषधाच्या दुकानात बसायचं, चिठ्ठी नसली तरी गोळी द्यायची, वरून तब्येत विचारायची, एवढ्यावर आपल्याकडे माणूस देव होतो. तुमच्या तेरवीला मी हे सगळं मान खाली घालून ऐकलं. बायकांना वाटलं, पोरगी रडते आहे. मला किळस येत होती.

मी अमरावतीला फार्मसी शिकत होते तेव्हाची गोष्ट. प्रोजेक्टसाठी शुगरची गोळी तपासायची होती, म्हणून तुमच्याच दुकानातल्या फळीवरचे गोळ्यांचे दोन पत्ते उचलून नेले. गोळी कुटायची, पाण्यात विरघळवायची, गाळायची, छोट्या चौकोनी नळीत भरून यंत्रात ठेवायची आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश सोडायचा. औषध जितकं जास्त, तितका प्रकाश शोषला जातो. तुमच्या गोळीनं शोषायला हवा त्याच्या जेमतेम अर्धा शोषला. माझंच चुकलं असं धरून मी तीनदा केलं. आकडा हलला नाही. सर म्हणाले, दुसऱ्या कंपनीची आणून बघ. शनिवारी घरी अकोल्याला आले आणि आईच्या डब्यातल्या गोळ्या नेल्या. औषध तेच, कंपनी वेगळी. त्या गोळीचं रीडिंग पहिल्याच वेळी जिथं यायला हवं तिथं आलं.

पुढच्या शनिवारी तुम्ही जेवायला बसला आहात. मी वही तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही ती उघडतही नाही. त्या कंपनीचा माल हलका आहे हे एजंटनंच हसत हसत सांगितलं होतं, गिऱ्हाइकाला स्वस्त हवं असतं, कंपनी कोण वाचतं, असं तुम्ही भाकरी मोडता मोडता सांगता.

"मंग आईले काहून नाही देत त्यातली?"

"ते घरचं हाय," तुम्ही म्हणता आणि वाटी पुढे करता. आई त्यात वरण वाढते.

चोराला निदान पकडलं जायची भीती असते. तुम्हाला तीही नव्हती. कोणी जगावं आणि कोणी नुसती गोळी गिळावी, हे तुम्ही ठरवून टाकलं होतं आणि वर झोपही छान लागत होती. तुमच्या फोटोला हार घालायची वेळ आली की मी स्वयंपाकघरात काम काढते.

आज त्याच कॉलेजात मी ते यंत्र शिकवते. तुमच्याबद्दल मी तक्रार केली नाही, प्रोजेक्टमध्ये फक्त आईच्या गोळ्यांचे आकडे लिहिले. आणि एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. वही पुढे ठेवली त्याच शनिवारी, जेवून तुम्ही आडवे झालात तेव्हा दुकानात मी बसले होते. फुलं विकणारी एक बाई शुगरची गोळी घ्यायला आली. पायाची जखम भरत नाही म्हणाली. चांगल्या कंपनीची गोळी माझ्या हाताशीच, खालच्या खणात होती. मी फळीवरची दिली, आणि जेवण झाल्यावर घ्या म्हणून सांगितलं.