सुट्टी सोसत नाही

आप्पा, तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी गिरणीमागच्या दवाखान्यात नर्स आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. कापसाच्या धुळीनं कामगारांच्या छातीचं काय होतं, ते आमचे डॉक्टर तपासतात. माणसाला समोर बसवून एका दमात आकडे मोजायला लावतात आणि दम कुठं तुटतो ते पाहतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला आपली चूल आठवली. तुम्ही गिरणीच्या पिंजण खात्यातून येता, भुवयांवर कापूस तसाच. त्या पांढऱ्या भुवया पाहून आई थट्टेनं म्हणते, "आलं बघा म्हातारं." मी पाटी घेऊन बसलेली. तुम्ही धोतराच्या गाठीतून गुळाचा खडा काढता. धूळ घशाखाली उतरावी म्हणून खात्यातले सगळेच गूळ चघळायचे. तुम्ही त्यातला अर्धा माझ्यासाठी राखायचात. "खा की. पाटीची धूळ बी लई वाईट असती." मग आपण दोघं एका दमात पाढा म्हणायचो. शनिवारी तुम्ही जिंकायचात. सोमवारी मध्येच थांबून छातीवर हात ठेवायचात, आणि मी जिंकले म्हणून टाळ्या पिटायची.

सोमवारचं ते दुखणं आईला आळसाचं वाटे. "रविवारी लोळायची सवय लागलीया, दुसरं काय." तुम्ही कधी तिच्यावर रागावला नाहीत, मनाशी विचार करत राहिलात. कामावर जात राहिलं की आठवडाभरात छाती हळूहळू सुटते, एक दिवस घरी बसलं की पुन्हा आवळते. म्हणजे दोष सुट्टीचाच. "मला सुट्टी सोसत न्हाय," असं तुम्ही म्हणू लागलात, एखाद्याला वांगं सोसत नाही तसं. मुकादमाला सांगून रविवारीही यंत्रं पुसायला जाऊ लागलात. काही सोमवार बरे गेले, तेव्हा आम्हा सगळ्यांचीच खात्री पटली. पुढं सगळेच दिवस सोमवारसारखे झाले. शेवटच्या उन्हाळ्यात मी पाढा म्हणत असे आणि तुम्ही नुसते माझ्या तोंडाकडे बघत असायचात.

आप्पा, सुट्टीचा दोष नव्हता. डॉक्टर सांगतात, एक दिवस धूळ नसली की छाती मोकळी होते, आणि त्या मोकळ्या छातीला सोमवारची धूळ जोरात लागते. नंतर सवय होऊन बरं वाटतं, पण आत खराबी चालूच असते. तुम्ही बरे होत होतात ते फक्त रविवारी.

गेल्या सोमवारी कुंभारी गावचा एक जण आला, पिंजण खात्यातलाच, वयानं तुम्ही तेव्हा होतात तेवढा. म्हणाला, "बाई, डाक्टरास्नी सांगा, मला सुट्टी सोसत न्हाय. आयतवारी बी कामावर घ्या म्हणून चिठ्ठी द्या."

मी त्याला बाकावर बसवलं. मग म्हटलं, "चिठ्ठी मिळेल, पण खातं बदलायची. कापडाच्या घड्या घालतात तिकडं जा. आणि रविवारी घरीच बसायचं."

"घरी बसून करू काय? बायकू आळशी म्हनती."

"म्हणू दे. पोरांकडून पाढे म्हणवून घ्या."

"मला कुटं येत्यात पाढं?"

"त्यांना येतात की."

तो हसला, हसता हसता खोकला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. ती त्यानं टोपीत खोचली, पण मला खात्री वाटेना. काल रविवारी सकाळी मी गिरणीच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिले. यंत्रं पुसणारी माणसं आत गेली, फाटक लागलं. तो त्यांच्यात नव्हता.

हा कागद मी गुळाच्या डब्याखाली ठेवणार आहे. आणखी एक सांगायचं राहिलं. गुळानं छातीतली धूळ उतरत नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि मीही येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. तरी त्या दिवशी तो निघाला तेव्हा मी त्याच्या हातावर गूळ ठेवला. अर्धाच खडा. उरलेला मी खाल्ला.