बांधावरची भाजी

दक्षिण ब्राझील,
२ ऑगस्ट २०२४

ती. आईस, रूपाचा सप्रेम जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तब्येत बरी आहे. मराठीत बोलायला कुणी नाही, एवढंच.

अभ्यासासाठी मी ज्या काइंगांग आदिवासींच्या वस्तीत राहते, तिथल्या आज्या नातवंडांना रानात बांबू तोडायला नेतात. समजावून काहीच सांगत नाहीत. पोरं त्यांच्या हातांकडं बघत बसतात आणि एक दिवस टोपली विणायला लागतात. परवा एका आजीनं विचारलं, तुझ्या आईनं तुला काय शिकवलं? मला तुझी भाजी आठवली. गंगापूरला तू लोकांच्या बांधावरून तांदुळजा, कुंजीर असल्या रानभाज्या खुडून आणायचीस. मला त्यातलं काही ओळखता येत नाही. दोन्हींतला फरक लिहून पाठव.

दादाला, त्याच्या सोनियाला आठवण सांग. माझ्यावर माया आहेच, ती दोन ओळींत कळव.

तुझी,
रूपा


वाळूज,
२९ ऑगस्ट

चि. रूपास, आईचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुझा राजकुमारदादा शिफ्टला, सूनबाई कामाला, सोनिया शाळंत. दिवसभर मलाबी बोलायला कुणी नाय.

त्या आजीला खरं सांग. तू मागं लागायचीस, मला बांधावर ने म्हणून. मीच तुला घरी अभ्यासाला बसवायची. घरात दुसरं काही नसलं की मी भाजीला जायची. शेतमालक हाकलायचा, ते तुला दिसू नये वाटायचं. लेकीला भूक कशाला शिकवायची?

आता इथं सोसायटीमागं तीच भाजी उगवलीय. काल सोनियाला नेलं. लवकर कंटाळली, पण कुंजीर बरोबर ओळखला. सूनबाई म्हणाली, नाल्याच्या पाण्यावरची आहे. तिचं खरं होतं. टाकून दिली.

तुला फरक चारदा लिहिला नि खोडला. बोटाला कळतो, पेनात येत नाय.

लई आठवण येते. वेळेवर जेव. लोभ कमी करू नको.

तुझी,
आई


दक्षिण ब्राझील,
२५ सप्टेंबर

ती. आईस, सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आजीला सांगितलं. तिनं विणता विणता ऐकलं. मग विचारलं, आई एकटी आहे का? मी म्हणाले, दिवसभर एकटीच असते.

डिसेंबरात दोन महिने येते आहे. तेव्हा गंगापूरच्या बांधावर काय उगवतं, मला माहीत नाही. तू पुढं चाल, मी मागून येईन.

तुझीच,
रूपा