नववीचा गणिताचा तास

बाई, मागच्या महिन्यात मी आपल्या शाळेत गेले होते. तिथून आले ती रागातच, आणि तो राग अजून उतरलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो सांगावासा वाटतो तो तुम्हालाच.

आपल्या शाळेत तपासणीला साहेब येणार असले की नववीच्या मुलींना वर्गातून उठवून पुऱ्या लाटायला बसवायचे. मुलं वर्गात शिकत राहायची. मी तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली, लहानपणापासून कामाची सवय होतीच, त्यामुळे यात काही वावगं आहे असं मनातसुद्धा आलं नव्हतं. अशाच एका दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलात, धुराने डोळे बारीक केलेले, आणि म्हणालात, "उठा पोरींनो, हात धुवा. गणिताचा तास आहे." मागून मुख्याध्यापक धावत आले. "बाई, पाव्हणे येऊन राह्यले, अन् तुम्ही हे काय करता?" तुमचा आवाज चढला नाही. "पाव्हणे उपाशी राह्यले तं राहू द्या. पोरं काऊन नाई लाटत पुऱ्या? त्याईले हात नाई का?" मग व्हरांड्यात बसवून तुम्ही आम्हाला चक्रवाढ व्याज शिकवलंत. माझ्या नखांत कणीक होती आणि गणित पहिल्यांदाच आवडलं होतं.

त्याच उन्हाळ्यात तुमची बदली संस्थेच्याच भामरागडकडच्या, पार जंगलातल्या शाळेवर झाली. प्रशासकीय कारण, म्हणे. दोन पावसाळे तुम्ही तिथे काढलेत. तिसऱ्यात तापाने फणफणलात तेव्हा नाल्यांना पूर होता, रस्ता बंद होता, आणि तुम्हाला बाहेर काढायला कुणी आलं नाही. मी नागपूरला कॉलेजात होते. बातमी कळली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती बदली कशाची शिक्षा होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही.

आज पुण्यात एका वित्त कंपनीचा कर्ज विभाग माझ्याकडे आहे. आपल्या चंद्रपूरकडच्या आणि भामरागडकडच्या मुली मी हट्टाने नोकरीला घेते. वरचे साहेब दरवेळी विचारतात, "लग्नं झाल्यावर टिकतील का?" मी विचारते, "तुमचं नाही का झालं लग्न?" त्यावर ते हसतात. मी हसत नाही.

तर शाळेने सत्काराला बोलावलं. सभागृहात मुलं खुर्च्यांवर बसलेली, दारात लहान मुली ओवाळायला ताटकळत उभ्या. मी विचारलं, "नववीच्या मुली कुठे आहेत?" मुख्याध्यापक, म्हणजे हल्लीचे, खुशीत म्हणाले, "तुमच्यासाठीच पुऱ्या करून राह्यल्या, मॅडम." मी तशीच मागे गेले. तीच जागा, आता गॅस आला आहे एवढंच. एका मुलीला विचारलं, "आता कोणता तास असतो तुमचा?"

"गणिताचा."

"मग इथे काऊन?"

"तुम्ही काई रोज थोडी येता, मॅडम," ती म्हणाली आणि लाटत राहिली.

बाई, माझ्या अंगाची आग झाली. माझ्या नावाने त्यांचा तास बुडवला होता! स्टेजवर संस्थेचे अध्यक्ष नारीशक्तीवर बोलत होते. मी घर सांभाळून करिअर केलं, असंही म्हणाले. मी लग्नच केलेलं नाही, पण ते विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. पहिल्या रांगेत आपले जुने मुख्याध्यापक बसले होते, काठी टेकून. मी शाल घेतली नाही, माइक घेतला. मुलींना आत बोलवायला लावलं, मुलांना पुऱ्या लाटायला पाठवलं, आणि मग तुमचं नाव घेऊन ती बदली कशासाठी झाली ते सगळ्यांसमोर सांगितलं. नंतर म्हातारबुवा जवळ येऊन म्हणाले, "जुन्या गोष्टी हायेत, बेटा. त्या बाई हट्टीच होत्या."

"होत्या," मी म्हटलं, "म्हणून मी इथे उभी आहे."

मुलींच्या शिक्षणासाठी मी देणगी देणार होते. अट घातली, एकाही मुलीला तासातून उठवायचं नाही. अध्यक्षांचा फोन आला, "देणगी द्या, अटी नका घालू." मी नाही म्हटलं. आता चंद्रपुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. दहावीनंतर ज्यांना हिशेब, बँकिंग शिकायचं आहे त्या मुली तिथे राहतील, आमच्या ऑफिसातल्या मुली त्यांना शिकवतील. शाळेत मात्र काही बदललेलं नाही. परवा ऐकलं, कुणी साहेब आले आणि मुली पुन्हा स्वयंपाकघरात.

हे पत्र टाकणार तरी कुठे? पण एक सांगते, अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझी गाडी फाटकाशी उभी होती, माझी बदली करणारं तिथे कुणी नव्हतं, आणि तरी माइक हातात घेताना मी घाबरले होते.